फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार आणि त्याचे भाऊबंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बिगरगोऱ्या स्वतंत्र दिग्दर्शकांच्या शहरी महोत्सवांना जाणाऱ्यांसाठी आणि तिथे चित्रपट पाठवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरण मुख्यतः ब्लॅकस्टारचं घेतलं आहे. तांत्रिक आणि पैशांचे मुद्दे बहुतेक सगळ्याच महोत्सवांना लागू पडतात.

ब्लॅकस्टार नेमका कसला महोत्सव आहे?

माओरी कार्मेल होम्स यांनी २०१२मध्ये फिलाडेल्फियात तो सुरू केला. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच दिवस तो भरतो. कृष्णवर्णीय, तपकिरी आणि मूळनिवासी दिग्दर्शकांचे जगभरातून आलेले कथापट, माहितीपट, लघुपट आणि प्रायोगिक कामं तिथे दाखवली जातात. महोत्सवामागच्या संस्थेचं नाव ब्लॅकस्टार प्रोजेक्ट्स. ती वर्षभर कार्यक्रम करते आणि 'सीन' नावाचं नियतकालिकही काढते.

प्रायोगिक कामाला इथे मिळणारी जागा ही ब्लॅकस्टारची खरी ओळख. गोष्ट सरळ सांगणारा, टीव्हीच्या वळणाचा चित्रपट असेल तर इतर महोत्सव जास्त सोयीचे पडतील.

असे वेगळे महोत्सव हवेतच कशाला? चांगला चित्रपट कुठेही चालतो की.

चालतो, पण आधी तो कुणीतरी लावावा लागतो. ऑस्कर मिशो यांनी १९१९मध्ये पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तेव्हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांना कित्येक शहरांत वेगळ्या थिएटरांत नाहीतर वेगळ्या वेळच्या खेळांना बसावं लागे. त्यामुळे चित्रपट बनवणं आणि तो लोकांपर्यंत नेणं ही दोन्ही कामं मिशोंनाच करावी लागली. १९६०च्या दशकाअखेरपासून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात चार्ल्स बर्नेट, हेली गेरिमा, ज्युली डॅश अशी मंडळी घडली, पण त्यांचं काम व्यावसायिक थिएटरांत फारसं पोचलंच नाही. डॅश यांनी १९९१मध्ये पूर्ण केलेला चित्रपट हा आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वसाधारण वितरण मिळालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ठरला. इतका उशीर होण्याचं कारण गुणवत्ता नव्हतं, वितरण होतं. म्हणून या महोत्सवांत दिग्दर्शकाइतकेच वितरक, निधी देणारे आणि इतर महोत्सवांचे निवडकर्तेही येतात. पाठवणाऱ्याने त्यांच्यासाठीही तयारी ठेवावी.

मी पुण्यात राहतो, मराठीत चित्रपट करतो. मी यात बसतो का?

महोत्सवावर अवलंबून आहे आणि इथेच सर्वांत जास्त शुल्क वाया जातं. हे सगळे महोत्सव एकाच खोक्यातले नाहीत.

लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल १९९२पासून भरतो. त्याचा विषय आफ्रिकी वंशाचे लोक. जळगावच्या शेतकऱ्यावरचा चित्रपट कितीही सुंदर असला तरी तिथे त्याचं काम नाही. पण जंजिऱ्याच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींवर किंवा कर्नाटक-गुजरातच्या सिद्दी वस्त्यांवर माहितीपट केला असेल तर तो थेट विषयात बसतो. १९९७मध्ये सुरू झालेला अमेरिकन ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल हाही नावाप्रमाणे कृष्णवर्णीय कथांसाठीच आहे. न्यूयॉर्कचा अर्बनवर्ल्डही १९९७चाच, पण त्याचा परीघ थोडा मोठा आहे.

आशियाई बाजूला न्यूयॉर्कचा एशियन अमेरिकन इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल १९७८पासून आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या कामफेस्टची सुरुवात १९८२ची. दोन्हीकडे आशियाई अमेरिकी लोकांच्या कामावर भर असतो. अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रीमाँटमध्ये वाढलेल्या मराठी मुलीने केलेला लघुपट तिथे अगदी घरचा ठरेल.

भारतातून पाठवताना न्यूयॉर्क इंडियन फिल्म फेस्टिव्हल (२००१पासून), इंडियन फिल्म फेस्टिव्हल ऑफ लॉस एंजेलिस (२००३पासून), सिएटलचा दक्षिण आशियाई महोत्सव तस्वीर आणि ब्लॅकस्टार, हे चार आधी बघावेत. नाफा या उत्तर अमेरिकेतल्या मराठी चित्रपट संस्थेचा सॅन होजेतला महोत्सव ही निराळी गोष्ट आहे. तो भाषेचा आणि घरच्या प्रेक्षकांचा सोहळा आहे.

दिग्दर्शक दोन असतील आणि एकच जण बिगरगोरा असेल तर?

निकष बहुतेक ठिकाणी दिग्दर्शकावर लावतात. दोघांपैकी एकजण बसला तर सहसा चालतं, पण प्रवेशिकेत ते स्पष्ट लिहा. फक्त निर्माता किंवा कलाकार बिगरगोरा असून भागेलच असं नाही. शंका असेल तर पैसे भरण्याआधी ईमेल करा. उत्तर येतं.

जातीवरचा चित्रपट अमेरिकन प्रेक्षकाला कळेल का?

या महोत्सवांच्या प्रेक्षकाला इतरांपेक्षा लवकर कळतो. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलं. हा धागा तिकडच्या जाणकारांना ठाऊक असतो. २०१९च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दलित चित्रपट आणि सांस्कृतिक महोत्सव झाला, त्याला नागराज मंजुळे आणि पा. रंजित गेले होते. मात्र चित्रपटाच्या सुरुवातीला चार पाट्यांमध्ये जातिव्यवस्था समजावून सांगू नका. पाट्या सुरू झाल्या की निवडकर्त्याला शाळेच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. जे सांगायचं ते दिग्दर्शकाच्या निवेदनात शंभर-दीडशे शब्दांत लिहा.

प्रवेशिका कशी भरायची?

जवळपास सगळं फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून होतं. एकदा चित्रपटाचं पान तयार केलं की तेच सगळीकडे पाठवता येतं. तयारी अशी ठेवा: एका ओळीचा, साधारण पंच्याहत्तर शब्दांचा आणि एका पानाचा असे तीन सारांश, दिग्दर्शकाचा परिचय आणि निवेदन, ३०० डीपीआयची पाच-सहा छायाचित्रं (पोस्टर नव्हे, चित्रपटातली दृश्यं), पूर्ण श्रेयनामावली आणि पासवर्ड लावलेली व्हिमिओ लिंक.

सगळ्यात जास्त घोळ या लिंकमध्ये होतो. कुणीतरी मध्येच पासवर्ड बदलतं, व्हिमिओचं वार्षिक सदस्यत्व संपतं, किंवा नवीन संकलन वेगळ्या लिंकवर चढवलं जातं आणि फॉर्ममध्ये जुनीच राहते. निकाल लागेपर्यंत लिंक आणि पासवर्ड दोन्हींना हात लावू नका. नवीन प्रत चढवायचीच असेल तर व्हिमिओमध्ये तीच लिंक ठेवून आतली फाइल बदलता येते.

शुल्क मुदतीनुसार वाढत जातं: लवकरचं, नेहमीचं, उशिराचं. लघुपटाला कमी, पूर्ण लांबीच्या चित्रपटाला जास्त. उशिरा भरण्यात पैशांपेक्षा मोठा तोटा वेगळाच आहे. तोपर्यंत निवडकर्त्यांचे डोळे थकलेले असतात आणि कार्यक्रमातल्या बऱ्याच जागा मनातल्या मनात भरलेल्या असतात. शुल्क परवडत नसेल तर सूट मागा. मुदत संपायच्या आदल्या रात्री नव्हे, प्रवेशिका सुरू होताच. पत्र चार ओळींचं पुरे: चित्रपट काय आहे, याच महोत्सवाला का, सूट का हवी.

कार्डाने पैसे जात नाहीत. काय करावं?

रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांनंतर भारतातली नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं सुरू करा आणि मर्यादाही वाढवा. रुपे कार्ड अनेक परदेशी संकेतस्थळांवर चालत नाही.

लघुपट किती लांबीचा असावा?

नियम चाळीस मिनिटांपर्यंत मुभा देतात. व्यवहार वेगळा आहे. लघुपट एकत्र गुंफून ७५ ते १०० मिनिटांचा एक खेळ करतात. त्यात बारा मिनिटांचे सहा-सात बसतात. तुमचा अठ्ठावीस मिनिटांचा असेल तर तो घेण्यासाठी दुसरे दोन वगळावे लागतात, म्हणजे तो त्या दोघांपेक्षा सरस हवा. पंधरा मिनिटांच्या आत असलेला लघुपट बसवणं सोपं. पंचेचाळीस ते पासष्ट मिनिटांची कामं सर्वांत अडचणीत येतात. ती धड लघुपटांच्या खेळात बसत नाहीत आणि स्वतंत्र खेळालाही अपुरी पडतात.

सुरुवातीची दीड मिनिटं निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं, आभार आणि ड्रोनमधून दिसणारा घाट यांवर घालवू नका. आभार शेवटी.

यूट्यूबवर आधीच टाकला आहे. चालेल?

काही ठिकाणी चालेल, पण प्रीमियरचा, म्हणजे पहिल्या खेळाचा, दर्जा जातो. दर्जे असे असतात: जागतिक प्रीमियर, आंतरराष्ट्रीय (मूळ देशाबाहेर पहिल्यांदा), उत्तर अमेरिकी, अमेरिकी आणि त्या शहरातला. पुण्याच्या पिफ किंवा मुंबईच्या मामी महोत्सवाला दाखवलेला चित्रपट अमेरिकेत उत्तर अमेरिकी प्रीमियर म्हणून जाऊ शकतो. भारतातल्या खेळामुळे तो हक्क जात नाही. पण सिएटलला दाखवल्यावर फिलाडेल्फियाला उत्तर अमेरिकी प्रीमियर देता येत नाही. लघुपटांच्या बाबतीत बहुतेक जण फार ताणत नाहीत, मात्र पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा क्रम आधी कागदावर ठरवून घ्या.

गाण्यांच्या हक्कांचं काय? महोत्सवातच तर दाखवायचंय.

याच प्रश्नात पुढची अडचण दडलेली आहे. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' १९७७मध्ये पूर्ण झाला आणि १९९०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला. तरी थिएटरांत रीतसर लागायला २००७ उजाडलं, कारण त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते.

एका गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात: रचनेची (शब्द आणि चाल) आणि ध्वनिमुद्रणाची. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची आणि कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण कंपनीचं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं, रचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अमेरिकेतले नियम वेगळे आहेत, म्हणून इथे मुक्त झालेलं तिथेही मुक्त असेल असं धरू नका.

अडकतात ती मुद्दाम घेतलेली गाणी नव्हेत. रिक्षात वाजणारं, लग्नाच्या बँडवरचं, मिरवणुकीच्या डीजेवरचं गाणं संवादाच्या मागे ऐकू येतं आणि संवादासह नोंदलं गेल्यामुळे काढता येत नाही. चित्रीकरणाच्या वेळी ते बंद करा आणि नंतर वेगळं भरा. फक्त महोत्सवापुरती, वर्ष-दोन वर्षांची परवानगी स्वस्तात मिळते, पण वितरक भेटला तर पुढची रक्कम किती हे त्याच करारात लिहून घ्या.

उपशीर्षकं कशी हवीत?

एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि कमाल सहा-सात सेकंद. वाचण्याचा वेग सेकंदाला १५-१७ अक्षरांच्या वर गेला की प्रेक्षक चेहरे बघायचं सोडून वाचतच बसतो. मराठी भांडणात तीन माणसं एकदम बोलतात, तिथे सगळं भाषांतरित करायचा हट्ट सोडा.

पांढरी अक्षरं पांढऱ्या धोतरावर, टोपीवर, उन्हातल्या भिंतीवर दिसत नाहीत, म्हणून बारीक काळी किनार द्या. इंग्रजी ज्याची बोलीभाषा आहे अशा माणसाकडून एकदा वाचून घ्या. सॉफ्टवेअरने केलेलं भाषांतर नातीगोती आणि शिव्या या दोन ठिकाणी हमखास फसतं.

कर्णबधिरांसाठीची कॅप्शन्स ही वेगळी फाइल असते. तिच्यात बोलणाऱ्याचं नाव, दार आपटल्याचा आवाज, संगीत हे सगळं येतं, आणि इंग्रजीतले संवादही येतात. ती बरेच महोत्सव मागतात आणि आपल्याकडचे निर्माते ती हमखास विसरतात.

डीसीपी म्हणजे काय आणि त्यात चुकतं कुठे?

थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारं चित्रपटाचं पॅकेज म्हणजे डीसीपी. २के म्हणजे साधारण दोन हजार पिक्सेल रुंदीचं चित्र. त्याचे दोन आकार: फ्लॅट १९९८ × १०८० आणि जास्त रुंद दिसणारा स्कोप २०४८ × ८५८. तुमचा १९२० × १०८०चा चित्रपट फ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंना बारीक काळी पट्टी ठेवून बसतो. तो ओढून रुंद करू नका, चेहरे सुजलेले दिसतात. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर लघुपटाला पुरेसं आहे.

पहिला घोळ फ्रेमच्या वेगाचा. भारतात पुष्कळ चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमने होतं, तर थिएटरचं सुरक्षित प्रमाण २४. चित्र २४वर आणताना ९० मिनिटांचा चित्रपट ९३ मिनिटं ४५ सेकंदांचा होतो. ध्वनी त्याच प्रमाणात ताणला नाही तर मूळच्या दहाव्या मिनिटालाच तो २५ सेकंद पुढे पळालेला असतो. २३.९७६ आणि २४ यांतला फरक जास्त फसवा आहे: तासाला फक्त ३.६ सेकंद. पाच मिनिटं तपासून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याला तो सापडत नाही. म्हणून शेवटचं दृश्य तपासा, पहिलं नव्हे.

दुसरा घोळ रंगांच्या पातळीचा. फाइल मर्यादित (टीव्हीसाठीच्या) पातळीची आणि सॉफ्टवेअरने ती पूर्ण (संगणकासाठीच्या) पातळीची समजली, तर काळा रंग राखाडी होतो आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं. उलट झालं तर सावल्या बुजतात. रात्रीची दृश्यं असतील तर ही तपासणी टाळूच नका. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे सर्वांत आधी याच चुकीत जातात.

तिसरा ध्वनीचा. फक्त स्टीरिओ मिश्रण दिलं की संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतो. मधोमध बसलेल्याला कळत नाही, कडेच्या खुर्चीवरच्याला माणूस पडद्याबाहेरून बोलतोय असं वाटतं. ५.१ (सहा चॅनेलचं) मिश्रण परवडत नसेल तर निदान संवाद मधल्या चॅनेलवर काढून घ्या.

पॅकेजला सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) लावू नका. कुलपाची किल्ली ठराविक वेळेपुरती चालते, ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि कुणीतरी ती भारतीय वेळ समजून भरतं. मग खेळाच्या वेळी प्रोजेक्टर फाइल उघडत नाही.

आकाराचा हिशोबही आधी करा. २केचा कमाल वेग सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे ९० मिनिटांना जास्तीत जास्त १७० जीबी. सेकंदाला २० मेगाबिटच्या अपलोड वेगाने ते पाठवायला १९ तास लागतात, तेही वीज न जाता. ड्राइव्ह कुरियरने पाठवत असाल तर ती लिनक्सच्या एक्स्ट-२ किंवा एक्स्ट-३ स्वरूपात करा. घरच्या विंडोजवर ती उघडणार नाही, घाबरू नका. पाठवण्याआधी जवळच्या थिएटरात सकाळच्या पहिल्या खेळाआधी अर्धा तास मागून एकदा लावून बघा.

महोत्सव बनावट आहे हे कसं ओळखायचं?

दर महिन्याला पुरस्कार देणारा, चाळीस विभाग असणारा, आणि प्रत्यक्ष खेळ कुठल्या थिएटरात झाला ते न सांगणारा महोत्सव म्हणजे प्रमाणपत्रांचं दुकान. मागच्या वर्षीचं वेळापत्रक शोधा: तारीख, वेळ, सभागृह, चित्रपटांची नावं. ते सापडलं नाही तर पैसे भरू नका. शहराचं नाव मोठं असणं हा पुरावा नव्हे.

निवड झाली. व्हिसा कसा?

महोत्सवाकडून निमंत्रणपत्र लगेच मागा. त्यात खेळाची तारीख, सभागृह आणि खर्च कोण करणार हे हवं. डीएस-१६० फॉर्म भरून बी-१/बी-२ (तात्पुरत्या भेटीच्या) व्हिसासाठी अर्ज करतात. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. मुलाखतीची तारीखच कधी कधी महोत्सवानंतरची मिळते, तेव्हा तातडीच्या मुलाखतीची विनंती करता येते, पण हमी नसते. अमेरिकेत महोत्सवाला जायचा खरोखर विचार असेल तर व्हिसा निवडीआधीच काढून ठेवलेला बरा. प्रवासखर्च महोत्सव क्वचितच देतो. निवासाचे दोन-तीन दिवस मिळाले तर उत्तम समजावं.

मी नुसता प्रेक्षक आहे, न्यू जर्सीत राहतो. ब्लॅकस्टारला कसं जायचं?

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथून सेप्टाच्या (फिलाडेल्फियाची सार्वजनिक वाहतूक) गाडीने फिलाडेल्फिया. सबर्बन स्टेशनला उतरा. अलीकडच्या वर्षांत खेळ ब्रॉड स्ट्रीटवर, किमेल सेंटर, विल्मा थिएटर आणि सुझन रॉबर्ट्स थिएटर या पट्ट्यात झाले आहेत. स्टेशनपासून ते चालत जाण्यासारखं आहे. यंदाचं सभागृह मात्र तिकिटावर बघूनच निघा. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहा: ट्रेंटनची जोडगाडी चुकली की रात्री बराच वेळ फलाटावर जातो. बाहेर ऑगस्टचा दमट उकाडा आणि आत एसीचा गारठा, तेव्हा पातळ जाकीट घ्या.

पास म्हणजे खुर्ची नव्हे. दारावरची पाटी नीट वाचा, कारण खेळाआधी काही मिनिटं राखीव जागा रांगेतल्यांना सोडून देतात. दोन खेळांमध्ये निदान पाऊण तास ठेवा. चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांना पंधरा-वीस मिनिटं जातात आणि उठून जायचं जिवावर येतं. पहिल्यांदाच जात असाल तर गाजलेल्या चित्रपटाऐवजी लघुपटांचा एक खेळ घ्या. गाजलेला पुढे ओटीटीवर येईल, ते लघुपट बहुधा कुठेच येणार नाहीत.

लघुपट ऑस्करला जाऊ शकतो का?

पॅन आफ्रिकन, अर्बनवर्ल्ड आणि तस्वीर हे ऑस्करसाठी पात्रता देणाऱ्या महोत्सवांपैकी आहेत. निवड पुरत नाही, ठरावीक पुरस्कार जिंकावा लागतो, आणि महोत्सवाचा प्रत्येक पुरस्कार पात्रता देणारा नसतो. प्रेक्षकपसंतीचा बहुधा नसतोच. श्रेयनामावलीसह लांबी ४० मिनिटांच्या आत हवी. पात्र होण्याआधी लघुपट यूट्यूब, टीव्ही किंवा ओटीटीवर आलेला नसावा. पात्रता म्हणजे फक्त अर्ज करायची मुभा. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संकेतस्थळावर मुदतीत अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

बक्षिसाची रक्कम पूर्ण हातात येते का?

नाही. अमेरिकेबाहेरच्या विजेत्याच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के कर कापून घेतात. आधी डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म मागतात. त्यातलं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून पैसे परत गेलेले आहेत. रक्कम आल्यावर बँकेकडून परदेशी जमेचं प्रमाणपत्र घ्या आणि कापलेल्या कराची पावती महोत्सवाकडून मागून चार्टर्ड अकाउंटंटला द्या.

नकार आला. पुढच्या वर्षी तोच चित्रपट पाठवू का?

संकलनात मोठा बदल केला असेल तरच, आणि तसं पत्रात लिहा. तोच पाठवला तर नोंदीत तो दिसतो. नकाराचं कारण विचारणारं ईमेल करायला हरकत नाही, उत्तराची अपेक्षा मात्र ठेवू नका. त्याऐवजी निवड झालेल्या लघुपटांची यादी उघडा आणि त्यांची लांबी व विषय बघा. तुमच्याच विषयावरचा दुसरा एखादा निवडला गेला असेल तर नकाराचं कारण बहुधा तेच आहे.